जुन्नर-आंबेगावच्या शिवारांतील रोहित्रांचा आवाज

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत पाणी व वीज यांची सांगड इतकी घट्ट बसली आहे की, एकीवाचून दुसऱ्याचा विचार करता येत नाही. कुकडी प्रकल्पातील माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे ही धरणे याच दोन तालुक्यांत आहेत. नदीकाठच्या उपसा पंपांनी व विहिरींवरील मोटारींनी हे पाणी नारायणगावकडील द्राक्षबागांना व टोमॅटोला, मंचरकडील बटाट्याला व कांद्याला आणि सर्वत्र पसरलेल्या उसाला मिळते. या मोटारींच्या दर लहानमोठ्या समूहामागे दोन खांबांवर बसविलेले एक रोहित्र असते. ११,००० व्होल्टांचा दाब ४३३ व्होल्टांवर आणून देणे एवढेच त्याचे काम. कागदोपत्री त्यास रोहित्र म्हणत असले तरी शिवारात त्याचे नाव 'डीपी' असेच आहे, आणि ते त्या दुहेरी खांबांच्या मांडणीवरून आलेले असावे.

रोहित्रात फिरणारा असा एकही भाग नसतो. तरीही ते बोलते, आणि ज्यांचे पीक त्यावर अवलंबून असते ते लोक त्याचे बोलणे लक्षपूर्वक ऐकतात. 'डीपी घुमते आहे', 'गुरगुरते आहे', 'खडखडते आहे', 'चरचरते आहे', 'आतून खदखदते आहे' अशा निरनिराळ्या तक्रारी वायरमनच्या कानी येतात. ही क्रियापदे सैलपणे वापरली जातात असे शहरातील माणसास वाटेल. परंतु भौतिकशास्त्राच्या दृष्टीने पाहता त्यांतील प्रत्येकीमागे बहुधा वेगळे कारण असते. तक्रार लिहून घेताना 'डीपीतून आवाज येतो' एवढीच नोंद केली, तर निदानाचा निम्मा आधार तेथेच गमावला जातो. उन्हाळ्याच्या तोंडी रोहित्र जळाले तर दुसरे येऊन बसेपर्यंत पिकास पाणी नाही. म्हणून आवाजाचा अर्थ वेळीच लावता येणे ही केवळ कुतूहलाची बाब राहत नाही.

स्वाभाविक घुमणे

प्रथम निरोगी रोहित्राचा आवाज कसा असतो ते पाहू. रोहित्राचा गाभा सिलिकॉनयुक्त पोलादाच्या पातळ पत्र्यांचा केलेला असतो. लोखंड चुंबकित झाले असता त्याच्या लांबीत किंचित फरक पडतो, हे जेम्स जूल याने १८४२ साली दाखवून दिले. हा फरक अतिशय सूक्ष्म असतो. रोहित्रातील पोलादात तो मीटरभर लांबीमागे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका, फार तर त्याच्या काही पट, भरतो. परंतु तो चुंबकनाच्या दिशेवर अवलंबून नसतो. उत्तर-दक्षिण ध्रुवांची अदलाबदल झाली तरी पत्रा त्याच बाजूने ताणला जातो. आपल्याकडील प्रत्यावर्ती विद्युत् प्रवाहाची सेकंदास ५० आवर्तने होतात, आणि प्रत्येक आवर्तनात गाभा दोन वेळा पूर्णपणे चुंबकित होतो. म्हणून तो सेकंदास १०० वेळा कंप पावतो व त्यातून १०० हर्ट्झचा स्वर उमटतो. स्त्रियांच्या तंबोऱ्याचा खर्ज याच उंचीच्या जवळपास येतो. अमेरिकेत आवर्तने ६० असल्याने तेथील रोहित्रे १२० हर्ट्झवर घुमतात. या मूळ स्वरासोबत २००, ३००, ४०० अशा पटींतील स्वरही असतात. गाभ्याचे चुंबकन दाबाशी सरळ प्रमाणात वाढत नसल्याने ते निर्माण होतात.

या विवेचनातून एक गोष्ट निष्पन्न होते, ती अनेकांना विपरीत वाटते. गाभ्यातील चुंबकीय स्रोत विद्युत् दाबावर अवलंबून असतो, भारावर जवळजवळ नाही. सबब, 'लोड वाढला म्हणून डीपी जास्त घुमते' ही समजूत गाभ्याच्या घुमण्यापुरती तरी खरी नाही. उलट, गावठाणाच्या वाहिनीवर मध्यरात्रीनंतर दिवे मालवले, भार कमी झाला की तारेतील दाबघट कमी होते, रोहित्राशी दाब चढतो आणि घुमणे वाढते. त्यातच रात्री इतर आवाज थांबलेले असतात व जमिनीलगतची हवा थंड झाल्याने आवाज दूरवर पोहोचतो. 'दिवसा गप्प असते, रात्री घुमते' या तक्रारीचे मूळ पुष्कळदा एवढेच असते. गाभ्याची रचना सामान्यतः १.६ ते १.७ टेस्ला इतकी स्रोतघनता धरून केलेली असते. दाब दहा-बारा टक्क्यांनी वाढल्यास ती १.९ टेस्लाच्या आसपास जाते. तेथे पोलाद संपृक्त होऊ लागते, चुंबकनाचा प्रवाह झपाट्याने वाढतो आणि पटींतील स्वर उंच होतात. तेव्हा घुमण्याला एक कर्कश धार येते. अशा वेळी रोहित्र उघडण्यापूर्वी दाब मोजावा. दोष रोहित्रात नसून वाहिनीत असतो.

भारामुळे होणारा आवाज निराळा. तो गुंडाळ्यांतून येतो. प्रवाह वाहणाऱ्या वेटोळ्यांत परस्पर बल असते व ते प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्याचाही मूळ स्वर १०० हर्ट्झच असतो. परंतु लहान रोहित्रात, पूर्ण भारापर्यंत, तो गाभ्याच्या आवाजापुढे फारसा जाणवत नाही. तो जाणवू लागला म्हणजे भार मर्यादेपलीकडे गेला किंवा गुंडाळ्यांना धरून ठेवणाऱ्या पाचरी सैल झाल्या, असे समजावे.

वीज येते त्या क्षणी

शेतीच्या वाहिनीवर तीनही फेजांचा पुरवठा ठराविक तासांपुरता व पाळीपाळीने होतो. पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची असते. वीज येताच मोटार आपोआप चालू व्हावी म्हणून पुष्कळ शेतकऱ्यांनी ऑटो स्विच बसविलेले आहेत. उसात बिबट्या दडून बसत असल्याने रात्री-अपरात्री विहिरीवर जाणे या तालुक्यांत खरोखरच जोखमीचे आहे. म्हणून ऑटो स्विचबद्दल शेतकऱ्यास दोष देण्यात अर्थ नाही. परंतु त्याचा रोहित्रावर काय परिणाम होतो ते आकड्यांनी पाहणे उद्बोधक ठरेल.

१०० केव्हीए रोहित्राचा पूर्ण भाराचा प्रवाह प्रत्येक फेजला सुमारे १३३ अँपिअर असतो. पाच अश्वशक्तीची मोटार सुमारे ८ अँपिअर घेते. म्हणजे अशा सोळा-सतरा मोटारींनी रोहित्र पूर्ण भरते. मोटार सुरू होण्याच्या क्षणी तिचा प्रवाह नेहमीच्या सुमारे सहापट असतो. सर्व मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या, तर रोहित्राकडे पूर्ण भाराच्या सहापट मागणी येते. रोहित्राचा अंतर्गत संरोध साडेचार टक्के धरला, तर दाब सुमारे पाचव्या हिश्श्याने कोसळतो. मोटारीचे घूर्णनबल दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ते साठ टक्क्यांच्या आसपास उरते. लांब तारेच्या टोकाच्या मोटारींच्या वाट्यास त्याहूनही कमी येते. त्या वेग घेत नाहीत, नुसत्याच घुमत राहतात, आणि त्या वेग घेईपर्यंत त्यांचा जादा प्रवाहही कमी होत नाही. गुंडाळ्यांवरील बल प्रवाहाच्या वर्गाने वाढत असल्याने या काही सेकंदांत ते नेहमीच्या वीसपटींहून अधिक होते. 'लाईट आली की डीपी गुरगुरते' असे जे म्हटले जाते, ते हेच.

याखेरीज वीज जोडण्याच्या क्षणी रिकामे रोहित्रही एकदा हुंकारते. दाबलहरीच्या कोणत्या बिंदूवर जोडणी झाली त्यावर गाभ्यातील स्रोत पहिल्या आवर्तनात नेहमीच्या दुपटीपर्यंत चढू शकतो, आणि तेवढ्यापुरता मोठा प्रवाह आत धावतो. हा हुंकार काही क्षणांत विरतो व तो निरुपद्रवी असतो. गुरगुरणे मात्र दोन-चार सेकंदांत थांबले नाही, तर उपाय साधाच आहे. प्रत्येक ऑटो स्विचमध्ये कमी-अधिक विलंबाची सोय करावी, म्हणजे मोटारी एकामागून एक उठतील. एकाच डीपीवरील शेतकऱ्यांनी आपसांत ठरवून दहा-दहा सेकंदांचे अंतर ठेवले तरी पुरते. त्याबरोबर प्रत्येक मोटारीस योग्य कपॅसिटर जोडलेला असला, तर रोहित्रावरील चालू भारही उतरतो. पण एकाने विलंब लावावा आणि शेजाऱ्याने लावू नये, यात पाणी आधी कोणाचे हा प्रश्न दडलेला असल्याने ही साधी गोष्ट पुष्कळदा राहून जाते.

आता 'एक फेज गेली' या प्रकाराकडे वळू. ११ केव्ही बाजूचा एक फ्यूज उडाला, की रोहित्र बंद पडत नाही. या रोहित्रांची उच्च दाबाची गुंडाळी त्रिकोण-जोडणीची आणि कमी दाबाची तारा-जोडणीची असते. एक तार तुटली असता त्रिकोणाच्या एका बाजूस पूर्ण दाब मिळतो, आणि उरलेल्या दोन बाजू एकापुढे एक येऊन तोच दाब वाटून घेतात. परिणामी गावात एका फेजवरील दिवे लख्ख लागतात व इतर दोन फेजांवर निम्मा दाब येऊन दिवे मंद होतात. गाभ्याच्या दोन भुजांतील स्रोत निम्मा झाल्याने रोहित्राचा स्वतःचा आवाज फारसा वाढत नाही, क्वचित कमीही होतो. मोटारी मात्र मोठ्याने घुमतात व न थांबविल्यास जळतात. दिवे मंद-लख्ख असणे आणि मोटारी घुमणे, एवढ्यावरून जमिनीवर उभ्यानेच हे निदान करता येते. लोक मात्र अनेकदा डीपीखाली जाऊन कमी दाबाचे फ्यूज चाचपतात. तेथे दोष नसतो, आणि धोका तर असतोच.

खडखड

खडखड हा सर्वांत कमी चिंतेचा आवाज होय. गाभ्याचा १०० हर्ट्झचा कंप तेलातून टाकीस पोहोचतो. टाकीचे पंखे, नावाची पाटी, झाकणाचे बोल्ट, ज्या चॅनलवर रोहित्र ठेवले आहे त्याचे नट यांपैकी काहीही सैल असले तर ते त्या कंपाने आपटू लागते. आवाज कोरडा, धातूचा आणि एकसारखा असतो. वाऱ्याने किंवा उन्हाने त्यात बदल होतो, भाराने होत नाही. पुरवठा रीतसर बंद करून बोल्ट आवळले की तो जातो. गाभा आवळणारे आतील बोल्ट सैल झाले असतील, तर मात्र बाहेरून काही सापडत नाही आणि घुमण्यातच एक फाटकेपणा येतो. जुन्या, एकदा दुरुस्त होऊन आलेल्या रोहित्रात हे अधिक आढळते, कारण दुरुस्तीत पत्रे पुन्हा रचताना सांधे पहिल्याइतके नेटके बसत नाहीत. अशा रोहित्रावर लक्ष ठेवणे पुरेसे आहे.

चरचर, आणि खोडदची दुर्बीण

चरचर मात्र कधीही दुर्लक्षू नये. ती चुंबकत्वाने होत नाही, विद्युत् विसर्जनाने होते. कमी दाबाच्या बुशिंगवरील लग सैल झाला, तर सांध्याचा रोध वाढतो, तो तापतो, गंजतो, आणखी तापतो, आणि शेवटी ठिणग्या टाकू लागतो. तांब्याचा खिळा व ॲल्युमिनियमची तार यांची गाठ असेल, तर ही प्रक्रिया लवकर होते. रात्री अशा जागी निळसर किंवा लालसर ठिपका दुरूनही दिसतो. उच्च दाबाच्या बाजूस चिनी मातीच्या बुशिंगला तडा गेला, किंवा झंपर नीट आवळलेला नसला, तरी चरचर होते.

येथे पावसाचे निरीक्षण फार उपयोगी पडते. दोन धातूंच्या भागांत केसभर फट असेल, उदाहरणार्थ सैल पिन, गंजलेली कडी, ढिली बांधलेली तार, तर त्या फटीत ठिणगी उडते. पाऊस पडला की फट ओलाव्याने जोडली जाते व आवाज थांबतो. याउलट, धुळीने माखलेल्या किंवा तडकलेल्या निरोधकाच्या पृष्ठभागावरील गळती दवात आणि पहिल्या रिमझिम पावसात वाढते. म्हणजे कोरड्या दिवसांत चरचरणारी व पावसात गप्प होणारी डीपी सैल सांध्याकडे बोट दाखविते. पावसात सूंऽसूं करणारी डीपी निरोधकाकडे. तक्रार घेताना 'पावसात काय होते?' हा एक प्रश्न विचारला तरी खांबावर चढणाऱ्याचे काम अर्धे होते.

या दोन तालुक्यांत या चरचरीला आणखी एक श्रोता आहे. नारायणगावजवळ खोडद येथे महाकाय मीटर-तरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजेच जीएमआरटी, आहे. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात, शेतांच्या मधोमध पसरलेल्या आहेत. अतिदूरच्या दीर्घिकांतून येणाऱ्या ज्या लहरी त्या टिपतात, त्यांची शक्ती मोजण्याचे एकक 'जान्स्की' होय. एक जान्स्की म्हणजे दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला, एका वॅटचे दशांश चिन्हानंतर सव्विसाव्या स्थानी येणारे मूल्य. डीपीवरील ठिणगी ही, शास्त्रीय दृष्ट्या, एक छोटे रेडिओ-प्रक्षेपक केंद्रच असते. तिच्यातील प्रवाह सेकंदाच्या अब्जांश भागांत चढत-उतरत असल्याने तिच्या लहरी एका कंप्रतेपुरत्या मर्यादित राहत नाहीत, शेकडो मेगाहर्ट्झपर्यंत पसरतात. दुर्बिणीच्या ५०० मेगाहर्ट्झखालील पट्ट्यांना त्यांचा उपद्रव विशेष होतो.

ठिणगी दाबलहरीच्या दोन्ही शिखरांपाशी उडते. त्यामुळे तिच्या स्पंदनांचे झुबके दर १० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदास १०० वेळा, येतात. कानाला ऐकू येणारे घुमणे आणि दुर्बिणीला दिसणारा गोंगाट यांची कारणे सर्वस्वी भिन्न आहेत, तरी दोन्हींचा ताल एकच. शास्त्रज्ञांना या तालाचा उपयोग होतो, कारण आकाशातील कोणताही स्रोत आपल्या वीजपुरवठ्याशी ताल धरून चालत नाही. वेधशाळेने आपल्या संगणकांत असे झुबके ओळखून वगळण्याची व्यवस्था केली आहे. शिवाय परिसरातील वीजवाहिन्यांची दिशादर्शी अँटेना घेऊन पाहणी केली जाते, आणि सापडलेला दोष वीज वितरण यंत्रणेकडून दुरुस्त करून घेतला जातो. कार्ल जान्स्की हा १९३०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत दूरध्वनी-संदेशांतील खरखरीचा उगम शोधत होता, आणि त्या शोधात आकाशगंगेच्या रेडिओ लहरी त्याच्या हाती लागल्या. खोडदला आकाशगंगा पाहणाऱ्यांना खरखरीचा उगम शोधत डीपीपाशी यावे लागते, हा योगायोग गमतीचा खरा.

शेतकऱ्याच्या दृष्टीने यातील लाभाचा भाग असा की, जी ठिणगी दुर्बिणीला त्रास देते, तीच पुढे लग वितळविते व मोटार जाळते. मध्यम लहरींचा जुना रेडिओ घरी असेल, तर स्थानकाबाहेरच्या जागी काटा ठेवून, रस्त्यावरूनच, डीपीच्या रोखाने चालत जावे. जवळ जाताना खरखर वाढली व पुढे गेल्यावर उतरली, तर संशय पक्का समजावा. तारा स्वतःच अँटेनेसारखे काम करून खरखर दूरवर नेतात, म्हणून एकाच जागी ऐकून निर्णय घेऊ नये. लाईनीखालून दोन-तीन खांब चालून पाहावे.

आतून येणारी खदखद

टाकीच्या आतून खदखद किंवा थांबून थांबून 'कट्-कट्' असा आवाज येऊ लागला, तर रोहित्राचे आयुष्य तासांत मोजावे. खदखद म्हणजे एखाद्या जागी तेल उकळते आहे. गुंडाळीचे काही फेरे एकमेकांस चिकटले, की त्या बंद वेटोळ्यात प्रचंड प्रवाह फिरतो आणि भोवतालचे तेल तडकते. 'कट्-कट्' म्हणजे आत विसर्जन होत आहे. बहुधा तेलाची पातळी खाली गेल्याने उच्च दाबाचा एखादा भाग उघडा पडला आहे, किंवा तेलात पाणी शिरले आहे. पातळी खाली जाण्याचे कारण गळती असेल, तसेच चोरीही असेल. रोहित्रातील तेलाची व तारेची चोरी हा ग्रामीण भागातील जुना रोग आहे. पाणी शिरण्याची वाट बहुधा ब्रीदरची असते. त्यातील निळे सिलिका जेल गुलाबी झाले, म्हणजे ते ओल शोषून भरले. पश्चिमेकडील डोंगरी गावांत एका पावसाळ्यात ते होऊ शकते. तेलाचा नमुना तपासताना २.५ मिलिमीटर अंतरावर ते ३० किलोव्होल्टांच्या आत फुटले, तर तेल गाळल्यावाचून रोहित्र चालू ठेवू नये.

असा आवाज ऐकणाऱ्याने काय करावे? दूर व्हावे आणि वाहिनीचा पुरवठा उपकेंद्रातून बंद करण्यास कळवावे. डीपीवरचा स्विच स्वतः ओढू नये. तो ओढल्यावर तीनही पाती उघडली असे दिसले, तरी एखादे चिकटून राहिलेले असू शकते, आणि स्विचच्या वरच्या बाजूची तार तर जिवंतच असते. घरगुती जनरेटर किंवा इन्व्हर्टर चुकीने जोडलेला असेल, तर कमी दाबाच्या बाजूने वीज उलटी येऊन त्याच रोहित्रातून ११,००० व्होल्ट तयार होतात. रात्री बिबट्याच्या धास्तीने चार माणसे बॅटऱ्या घेऊन जातात, फ्यूज घालतात, परत येतात. शंभरदा हे निभावते. महाराष्ट्रात डीपीवर जीव गमावलेल्या शेतकऱ्यांपैकी कित्येकांचेही त्याआधी असेच निभावलेले होते. शेतीची वीज दिवसा मिळावी या हेतूने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. ती जसजशी या वाहिन्यांवर पोहोचेल, तसतशी निदान ही रात्रीची फेरी कमी होईल.

निरीक्षणाची नोंद कशी ठेवावी, याविषयी एक सूचना. आज जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात मोबाईल फोन आहे, आणि आवाजाचे कंप्रतांत पृथक्करण करणारी विनामूल्य साधने त्यावर चालतात. कुंपणाबाहेर, ठराविक अंतरावर उभे राहून एक मिनिट ध्वनिमुद्रण करावे व सोबत वेळ, हवामान, त्या वेळी चालू असलेल्या मोटारींची संख्या आणि शक्य असल्यास दाब लिहावा. निरोगी रोहित्राच्या आलेखात १००, २००, ३०० या उभ्या रेषा स्पष्ट दिसतात. ५० व १५० हर्ट्झच्या रेषाही ठळक उमटू लागल्या, तर चुंबकनाच्या दोन अर्ध्या लहरी सारख्या राहिल्या नाहीत असा अर्थ होतो. कोठेतरी एकदिश प्रवाह शिरला असावा, अशी शंका घेऊन जोडलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रे तपासावीत. सैल भागाच्या खडखडीने या रेषांच्या मधल्या जागा भरून जातात. ठिणगीची चरचर हजार हर्ट्झच्या पुढे धुक्यासारखी पसरते, आणि बारकाईने पाहिल्यास ते धुके सेकंदास शंभर वेळा दाट-विरळ होताना आढळते. रोहित्र नवे बसविले त्याच आठवड्यात असे एक मुद्रण करून ठेवले, तर पुढील तक्रारीच्या वेळी तुलनेस तेच सर्वांत विश्वसनीय माप ठरते. कारण दोन रोहित्रांचे आवाज सारखे नसतात, मग ती एकाच कारखान्यात एकाच दिवशी तयार झालेली का असेनात.